आधी पुंजाजीकाकांच्या तोंडात

आमच्या गल्लीत कुठल्याही बाळाला नवं खेळणं आलं, की ते आधी पुंजाजीकाकांच्या तोंडात जातं आणि मग बाळाच्या.

यात अतिशयोक्ती नाही. काका खेळणं हातात घेतात, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसतात, डोळे मिटतात आणि दाढेखाली धरतात. साठी ओलांडलेला माणूस, डोक्यावर टोपी, झुपकेदार मिशी, आणि मिशीखालून बाहेर आलेली रबरी बदकाची शेपटी. नव्या माणसाने हे पाहिलं की तो याच्या घरचं कोणी जवळपास आहे का ते शोधू लागतो. घरच्या शेवंताकाकू तिथेच ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या असतात. त्या मान वर न करता म्हणतात, "चावा, चावा. घरी तं भाकरच भेटत नाई तुमाले."

काकांची भाजीची वाडी वाशीमच्या बायपासपलीकडे आहे. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईकडच्यांनी इडली मनात आणू नये. घर आमच्या अगदी समोर. वाडीतला माल पारखायची जी रीत, तीच काकांनी खेळण्यांना लावली आहे. "गिऱ्हाईक वांगं घेते तं उलटं-सुलटं करून घेते," ते म्हणतात. "अन् लेकराच्या तोंडात जाणारी वस्तू? तिचा डब्बा पाहून घेते. डब्ब्यावरचं पोट्टं हासून राह्यलं म्हणून."

दाढेचं झालं की काका खेळण्याचे कान, शेपटी, चाकं, जे बाहेर आलेलं असेल ते सगळं ओढून पाहतात. मग ते ओट्यावरून खाली टाकतात, कारण लेकरूही टाकणारच. जे यातून जिवंत राहील त्याच्यासाठी शेवटी पाइप. सव्वा इंची पीव्हीसी पाइपाचा बोटभर तुकडा काकांनी वाडीतल्या नळीतून कापून घेतला आहे आणि तो सुतळीने किल्ल्यांच्या जुडग्याला बांधला आहे. त्यातून जी वस्तू पार झाली, ती तीन वर्षांच्या आतल्या लेकराला वर्ज्य. "ह्याच्यातून गेलं ते नरड्यात गेलं," असं म्हणून ते निकाल देतात. निकाल दोनच. पास किंवा नापास. फेरतपासणी नाही.

काका नेहमी बरोबरच असतात असं समजू नका. बाहुल्यांचे डोळे बटणांचे असतात आणि बटण पाइपातून जातं, हे कळलं त्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बाहुल्यांचे डोळे उपटले. लहान मुलं सुरक्षित झाली, पण जरा मोठी मुलं महिनाभर बाहुल्यांकडे पाठ करून झोपली. एकदा लाकडी भोवऱ्याचा रंग चाटून त्यांची जीभ दोन दिवस जांभळी राहिली. आणि दात येणाऱ्या बाळाने चावायची रबरी कडी तपासताना काकांचाच दात पडला. कडी पास झाली.

माझी मुलगी स्वरा झाली तेव्हा मला या सगळ्याची गंमत वाटत होती. बारशापर्यंत वाटली. बारशाला माझ्या सासुरवाडीहून चांदीचा खुळखुळा आला. सासूबाईंनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. काकांनी हात पुढे केला, सासूबाईंना वाटलं, कौतुकाने बघतील. काकांनी तो दाढेखाली धरला, मग दांडी एका हातात आणि गोळा दुसऱ्या हातात घेऊन ओढ दिली. आतले दाणे फरशीवर सांडले. बायका जमिनीवर बसून दाणे वेचत असताना काका शांतपणे म्हणाले, "नापास. पण चांदी चांगली हाये." सासूबाई त्या दिवशी जेवताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. जणू तोडला मीच.

माझा स्वतःचा खेळण्यांचा अभ्यास वेगळ्या शाळेतला. कोर्टासमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइल पाहतो, आणि स्वरा झाल्यापासून मोबाइल मला रोज सांगत होता की बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आहे आणि मी नुसता बसलो आहे. मग मी बसल्या बसल्या खेळणी मागवू लागलो.

पहिल्यांदा पाळण्यावर टांगायचं झुंबर मागवलं. रंगीत हत्ती गोल गोल फिरायचे. मी आणि बायको, ज्योती, उभं राहून तासन्‌तास पाहायचो. स्वरा मात्र छताकडे बघायची. काका आले, त्यांनी पाळण्यात डोकं घातलं, वर पाहिलं आणि मला म्हणाले, "तूही घाल." मी घातलं. खालून हत्ती दिसतच नव्हते. दिसत होते ते त्यांचे तळपाय. झुंबर कारखान्याने बापासाठी बनवलं होतं.

स्वरा आठ महिन्यांची असताना मी भारताचा लाकडी नकाशा आणला. राज्यं सुटी करायची आणि परत बसवायची. ती त्या वेळी स्वतः नीट बसत नव्हती, राज्यं कुठून बसवणार. काकांनी एकेक राज्य पाइपावर ठेवलं. महाराष्ट्र अडकला, राजस्थान अडकलं. गोवा, सिक्कीम आणि त्रिपुरा टपटप खाली पडले.

"हे राज्यं नापास," काका म्हणाले.

"काका, सामान्यज्ञान आहे ते."

"ग्यान पोटात गेलं तं काढाचं कसं, ते सांग."

काकांनी पास केलेली खेळणी घरातच होती. स्टीलच्या वाट्या आणि लाकडी चमचा. एकात एक बसणारे तीन मग. दोरी बांधलेला तेलाचा रिकामा डबा, जो स्वरा रांगत रांगत ओढायची आणि मागे वळून येतोय का ते बघायची. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा गाठी मारलेला चेंडू. ज्योतीला हे पटत होतं, आईला तर पटतच होतं. फक्त माझा जीव कासावीस व्हायचा. लोक आपल्या मुलांना काय काय देत आहेत, आणि माझी मुलगी तेलाचा डबा ओढते आहे.

काळजीचं कारणही होतं. स्वरा सव्वा वर्षाची झाली, भिंत धरून चालू लागली, पण बोलत नव्हती. माझ्या मावसभावाचा मुलगा तेवढाच, तो फोनवर "बाबा, टाटा" म्हणायचा. मी ते काकांना सांगितलं. काका म्हणाले, "बोलीन. खेळणं गप्प पाह्यजे गड्या. खेळणंच सारं बोललं तं लेकरू काय बोलीन?"

मी त्याच संध्याकाळी बोलणारा ससा मागवला.

ससा निळा होता. पोट दाबलं की गाणं म्हणायचा, कान उजळायचे, इंग्रजी अक्षरं आणि प्राण्यांचे आवाज काढायचा. डब्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन वर्षांवरील मुलांसाठी, असं छापलं होतं. ते वाचून मला उलट अभिमान वाटला. इतरांची मुलं तीन वर्षांची झाल्यावर जे खेळतील, ते माझी मुलगी आत्ताच खेळणार.

प्रश्न फक्त समोरच्या ओट्याचा होता. ससा मी झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यात घालून घरात आणला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ससा सुरू करायच्या आधी मी मिक्सर सुरू करायचो. दोन दिवसांनी काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या घरी रोज चटणी होऊन राह्यली का वं?"

स्वराने सशाचं काय केलं? काहीच नाही. ती समोर बसून त्याच्याकडे बघायची. मी म्हणालो, "बघ, एकाग्रता." ज्योती म्हणाली, "एकाग्रता नाही, ती भ्यायली आहे." गाणं संपलं की स्वरा सशाला पालथं घालून त्याच्या पाठीवरचं झाकण नखाने खरडायची. मी त्याला संशोधन म्हणायचो.

मंगळवारी सकाळी मी दुकानात होतो. तासाभराने ज्योतीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. सशाच्या पाठीचं झाकण उघडं पडलं होतं. आत बटणासारख्या गोल बॅटऱ्या होत्या, त्या नव्हत्या. आणि स्वरा काहीतरी चावत होती.

मी दुकानाचं शटर ओढलं की नाही, ते आजही आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा आई आणि ज्योतीने दिवाण सरकवला होता, गादी झाडली होती, स्वराच्या तोंडातून भाकरीचा तुकडा काढला होता. बॅटऱ्या कुठेच नव्हत्या. अशी बॅटरी अन्ननळीत अडकली तर आतून जाळते, हे मला ठाऊक होतं. मोबाइलनेच सांगितलं होतं, पण खेळणी मागवताना नाही. मी समोर धावलो. कुलूप. मंगळवारचे काका टेम्पोत भाजी टाकून मंगरूळपीरच्या बाजाराला जातात आणि काकू वाडीवर. काकांना फोन लावला, तो त्यांच्या बंद घरात वाजताना ऐकू आला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या बॅटऱ्या पाइपातून सहज गेल्या असत्या.

मुलांच्या डॉक्टरांकडे आम्ही ऑटोने गेलो. त्यांनी ससा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता एक्स-रेला पाठवलं. बाहेरच्या बाकावर ज्योती स्वराला घट्ट धरून बसली होती. स्वरा तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होती आणि ज्योती ती पुन्हा पुन्हा काढत होती. मी सशाचा रिकामा डबा हातात घेऊन उभा होतो. तो मी का आणला होता, मलाही सांगता आलं नसतं. "तीन वर्षांवरील" हे शब्द आता केवढे मोठे दिसत होते.

एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, खालीवर पाहिला. "छातीत काही नाही. पोटातही काही नाही. घरात शोधा, कुठेतरी असतील. आणि लगेच आलात ते बरं केलं."

ज्योती रडायला लागली. मी हसायला लागलो. नर्सने दोघांना पाणी दिलं. पण घरात नाहीत आणि पोटात नाहीत, तर गेल्या कुठे, हा किडा डोक्यात वळवळतच होता. तेवढ्यात दारातून पुंजाजीकाका आत आले. अंगाला सांबाराचा वास, पायजम्यावर चिखल, पायात एकच चप्पल. बाजारातून आल्यावर गल्लीत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्वराला दवाखान्यात नेलंय.

"काय झालं माय? काय झालं लेकराले?"

"बॅटऱ्या, काका," मी म्हणालो. "सशातल्या बॅटऱ्या सापडत नाहीयेत. पण पोटात नाहीत, फोटो चांगला आला."

काकांचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशात गेला. तो बाहेर आला तेव्हा तळव्यावर चकचकीत बॅटऱ्या होत्या, त्यांना थोडी तंबाखू चिकटलेली.

"ह्या?"

मग काकांनीच सांगितलं. सकाळी मेथीची जुडी द्यायला आले, तेव्हा आई देवापुढे होती, ज्योती आंघोळीला. स्वरा सशाला कानाने ओढत दारापर्यंत आली आणि तिने तो काकांसमोर धरला. काकांनी नखाने झाकण उचललं, ते सहज निघालं, आतल्या बॅटऱ्या पाइपातून खाली पडल्या. त्यांनी त्या खिशात घातल्या. झाकण परत बसवत होते, बसेना. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. "म्हटलं, आल्यावर सांगीन. तुमी लपवून आणलेलं खेळणं, सकाळी सकाळी कायले तुमाले लाजवावं."

म्हणजे मिक्सर वाया गेला होता.

ज्योती रडता रडता हसायला लागली. डॉक्टर हसले. घरी आल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली आणि ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती. त्या दिवशी आमच्या घरात जेवढं हसू झालं तेवढं दिवाळीत झालं नव्हतं. फक्त काका हसले नाहीत. बॅटऱ्या माझ्या हातात देऊन ते दवाखान्यातूनच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मेथी आली नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी दारातूनच जुडी आत टाकली. काका सकाळी अंधारात वाडीवर जायचे आणि आमची दारं लागल्यावर यायचे. ओटा रिकामा होता. स्वरा दिवसातून कितीदा तरी उंबऱ्याशी जाऊन समोर बघायची, हातात वाटी घेऊन. आठवडाभराने मी काकूंना गाठलं. म्हटलं, "काका रागावले का आमच्यावर?"

"तुमच्यावर काहून रागावतीन?" काकू म्हणाल्या. "ते भ्याले हायेत. म्हणते, बॅटऱ्या मीच नेल्या, आता ह्या बी घरचं लेकरू आपल्याले तुटलं."

"ह्या बी म्हणजे?"

काकूंनी जुडी खाली ठेवली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, हे मला ठाऊक होतं. नातू सहा महिन्यांचा असताना दोघं पुण्याला गेले होते, तिथे काकांनी नातवाच्या गाडीचं चाक दाढेने काढलं, हे ठाऊक नव्हतं. सून म्हणाली, "बाबा, त्याच्या खेळण्यांना हात नका लावत जाऊ. तोंडात घालता, जंतू जातात त्याच्या पोटात."

"तिचं बी काय चुकलं," काकू म्हणाल्या. "वावरातलं तोंड, तंबाखूचं. पण ह्यायनं मनाले लावून घेतलं. तसेच गाडीत बसले. आता फोनवर पाह्यते नातवाले. तो घडीभर उभा राह्यते अन् पळते. ओळख कोठी हाये."

मग त्या मला आत घेऊन गेल्या आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पेटीत खेळणी होती. लाकडी खुळखुळा. एकावर एक रचायचे ठोकळे. दोरीची गाडी, चाकं अशी घट्ट बसवलेली की हत्तीने ओढली तरी निघू नयेत. रंग नसलेलं, घासून गुळगुळीत केलेलं लाकडी डमरू. "सारं ह्यायनंच नातवासाठी घडवलं. हा खुळखुळा तो बसाले लागला तवाचा. गाडी चालाले लागला तवाची. धाडू, धाडू म्हणते अन् धाडत नाई. आता तो शाळेत जाते. खुळखुळा काय करीन?"

मी दोरीच्या गाडीचं चाक ओढून पाहिलं. निघालं नाही.

रविवारी वाडीला पाणी नव्हतं म्हणून काका घरीच होते, मागच्या अंगणात, पाठ करून मेथी निवडत. काकूंचं आणि आमचं ठरलं होतं. ज्योतीने स्वराला पेटीसमोर उभं केलं. मी म्हटलं, "घे, तुला काय पाहिजे ते." मी ठोकळ्यांकडे बोट दाखवत होतो, कारण ठोकळ्यांनी बुद्धी वाढते. तिने डमरू उचललं.

ते घेऊन ती पेटी धरून, मग पलंग धरून, मग दाराची चौकट धरून अंगणापर्यंत गेली. तिथे धरायला काही नव्हतं. ती थांबली. ज्योतीने माझी बाही पकडली, मी पुढे होणार होतो. स्वराने डमरू छातीशी धरलं आणि काही न धरता तशीच निघाली, तिरकी, झोकांड्या खात, काकांच्या पाठीपर्यंत. पाठीवर आपटली आणि त्यांच्या सदऱ्याला लोंबकळली.

काकांनी वळून पाहिलं. हातातली मेथी खाली पडली. "अवं माय," ते म्हणाले, "तू काहून आली? जा. तुह्या बापाले इचार आधी."

"काका, बापाला कळत असतं तर ससा आणला असता का?" मी दारातून म्हणालो.

काकांनी हात मागे घेतले, पायजम्याला पुसले, पुन्हा मागे घेतले. खेळण्याला शिवायला ते तयार नव्हते. स्वराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतर मुलं हातात आलेली वस्तू आपल्या तोंडात घालतात. आमच्या मुलीने सव्वा वर्षात वेगळंच शिकून ठेवलं होतं, कोणी न शिकवता, काकांकडे पाहून पाहून. तिने दोन्ही हातांनी डमरू वर केलं आणि त्यांच्या मिशीखाली दाबलं. काकांनी ओठ मिटून घेतले. तिने आणखी जोर लावला आणि म्हणाली, "पा."

पास की पाहा की आणखी काही, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या मते ते "पप्पा" असणार होतं.

काकांनी तोंड उघडलं. डमरू दाढेखाली गेलं. त्यांचे डोळे मिटले होते, नेहमीसारखे, फक्त या वेळी खूप वेळ मिटलेले राहिले. स्वरा समोर उभी होती, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, निकालाची वाट पाहत.

पण त्या दिवशी काकांनी निकाल दिला नाही. तोंडात डमरू होतं.